मागच्या खोलीची तार

ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडीत, ओपल या रत्नाच्या खाणींच्या गावात, आम्ही जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतो. दगडाच्या भिंती उन्हाला दाद देत नाहीत, तशा वायफायलाही देत नाहीत. मग घरच्या विजेच्या तारेतूनच इंटरनेट न्यायचं. दोन डबे, एक पुढच्या प्लगात, दुसरा मागच्या. अट एवढीच, की दोन्ही प्लग एकाच मीटरवरचे हवेत. मी इथला वायरमन, असे डबे निम्म्या गावात मीच लावलेत.

म्हाताऱ्या ग्रीक लेफ्टेरिसकडे मात्र माझी फजिती झाली. त्याची बायको एवदोकियाकाकू खुब्याचं हाड मोडून मागच्या खोलीत पडून होत्या. अकरा वाजता ॲडलेडच्या चर्चमध्ये नातीचा बाप्तिस्मा, तो त्यांना इंटरनेटवरून पडद्यावर बघायचा होता. ग्रीकांच्या रिवाजाप्रमाणे नातीला आजीचंच नाव मिळणार होतं, आणि ते पाद्र्याच्या तोंडून ऐकायला काकू सकाळपासून केस विंचरून तयार होत्या. साडेदहा वाजले तरी मागचा डबा लागेना.

"तीस वर्षं तारांचीच कामं करतोस ना रे?" लेफ्टेरिसने टोमणा मारला.

"मध्ये लुडबुडणारे म्हातारे नसले की पटकन होतं," म्हणत मी वैतागून मेन स्विच बंद केला.

घर अंधारलं. काकूंच्या उशाचा दिवा मात्र चालूच राहिला.

मग लेफ्टेरिसने सांगितलं. ती खोली त्याने आणि शेजारच्या ब्रानिमिरने मिळून खोदली होती, आणि तार तात्पुरती ब्रानिमिरच्या मीटरवरून ओढली होती. तेवढ्यात खोदताना सापडलेल्या ओपलवरून दोघांचं फाटलं. अकरा वर्षं बोलणं बंद, आणि तार तशीच.

"पुढचा डबा त्याच्याकडे लावावा लागेल," मी म्हटलं.

"त्याच्या दारात? मी?"

"अहो," आतून काकू म्हणाल्या, "मला माझं नाव ऐकायचंय."

तो गेला, मागोमाग मी. दारात त्याने नुसता डबा पुढे केला. काय अडलंय ते मीच सांगितलं. ब्रानिमिरने डबा आपल्या इंटरनेटला जोडून प्लगात बसवला.

"तार अजून तुझ्याच मीटरवर आहे, हे ठाऊक होतं तुला?" लेफ्टेरिसने विचारलं.

"भांडलो त्याच दिवशी तोडायला निघालो होतो."

"मग?"

"वहिनींनी अंधारात बसायचं होतं का, गाढवा?"

मागच्या डब्यावर हिरवा ठिपका उजळला. आमच्यामागून आलेला ब्रानिमिर खोलीच्या दाराशीच घुटमळला, तेव्हा लेफ्टेरिसने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. पडद्यावर पाद्र्याने बाळाला पाण्यात बुडवून "एवदोकिया" म्हटलं, आणि इकडून काकूंनी ओ दिली.