वाढीव दोन ओळी

कापड कापताना दोन बोटं जास्त ठेवायची, ही शिंप्याची जुनी सवय. उद्या गिऱ्हाईक जाड झालंच तर उसवून सैल करता येतं. आमच्या शिंपी मास्तरांनी हीच सवय बहिणीच्या तक्रारीला लावली आणि तिथेच घोळ झाला.

मास्तरांची धाकटी बहीण त्यांच्याच दुकानात काजं-बटणं करायची. शिलाई मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या मेकॅनिकशी तिचं सूत जुळलं, ते दोन वर्षं टिकलं. मग त्याने दुसरीकडे लग्न ठरवलं. धाकटीला चार दिवस घास गिळवला नाही. त्यात तिच्या फोनवर त्याचे मेसेज यायला लागले. माझ्या होणाऱ्या सासरी एक शब्द जरी गेला, तर तुझे खासगी फोटो दुकानाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पोचतील, असं त्याने साफ लिहिलं होतं.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला दुकानात आणलं कोणी, तर त्यांनीच! त्यांनी स्वतः तक्रार लिहून काढली आणि बहिणीला घेऊन वकीलबाईंचं ऑफिस गाठलं. धमकीचं तर लिहिलंच, शिवाय दोन ओळी वाढवल्या. लग्नाची खोटी शपथ घेऊन त्याने हिला फसवलं, आणि जे झालं ते हिच्या मर्जीविरुद्ध झालं.

वकीलबाईंची एक रीत होती. कागद कितीही घाईचा असो, सही करणाऱ्याने तो आधी मोठ्याने वाचायचा. धाकटीने धमकीपर्यंत नीट वाचलं. पुढच्या ओळीवर ती अडली. मास्तर तिला वाच म्हणत राहिले, तिने कागद टेबलावर ठेवून दिला.

हे खरं आहे का, असं वकीलबाईंनी तिला विचारलं. उत्तर मास्तरांनीच दिलं. केस पक्की व्हायला हवी, जरा वाढवून लिहिलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

"मास्तर, दोन सज्ञान माणसं मर्जीने एकत्र आली आणि पुढे फाटलं, तर कायदा त्याला गुन्हा म्हणत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून त्याच्या मनात फसवायचंच असतं, तर गोष्ट वेगळी. पण फोटोंची धमकी हा गुन्हाच आहे, आणि पुरावा हिच्या फोनमध्ये आहे. तुम्ही या दोन ओळी घातल्यात, की त्याचा वकील नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवणार. मग खरी ओळही खोटी ठरेल. आणि जिच्यावर खरंच जबरदस्ती झालीय, तिलाही खोटं ठरवायला उद्या लोक हिचंच उदाहरण देतील."

मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "पण मग लोक म्हणतील, ही आपल्या मर्जीने गेली होती."

"गेलेच होते, दादा," धाकटी म्हणाली. "त्याने लग्नाचं वचन कधी दिलंच नव्हतं, मीच धरून चालले होते. त्याचं दुःख माझं मला आहे. पण फोटो दाखवायला मी हो म्हटलं नव्हतं. मला फक्त तेवढं थांबवायचंय."

थोरल्या भावासमोर हे बोलायला केवढं धाडस लागलं असेल! खरी गोम मास्तरांना आता कळली. बहिणीला न्याय मिळावा, यापेक्षा ती चारचौघांत बिचारी दिसावी, म्हणूनच त्यांची सगळी धडपड चालली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पेन मागून घेतलं आणि त्या दोन ओळी आपल्या हाताने खोडल्या. वकीलबाईंनी कागद नव्याने टाइप करून घेतला, मेसेजच्या प्रती जोडल्या आणि फोनमधलं एक अक्षरही पुसायचं नाही, असं बजावलं.

पोलीस चौकीत टेबलामागच्या साहेबांनी कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "संबंध मर्जीने होते ना? मग तक्रार कसली?"

धाकटीची मान खाली गेली. मास्तर तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले.

"संबंध मर्जीनेच होते, साहेब," ते म्हणाले. "धमकी मर्जीने नव्हती. तक्रार धमकीची आहे. तेवढीच लिहून घ्या."

साहेबांनी तक्रार नोंदवून घेतली. त्याच आठवड्यात मेकॅनिकचा फोन जप्त झाला.

वाचकहो, मन मोडलं म्हणून कुणाला तुरुंगात धाडता येत नाही, आणि धाडूही नये. पण प्रेम केलं म्हणून कुणी धमक्या सोसत बसायचीही गरज नाही. उद्या तुमच्या घरातली मुलगी असं काही सांगायला आली, तर तिला बिचारी करू नका. ती जे सांगते ते खरं तेवढंच घ्या, आणि तिच्या शेजारी बसा.