पायलची हजेरी

पायलचे पिवळे हात बघून कॉलेजातल्या मुली पहिल्या वर्षी रोज विचारायच्या, "काय गं, हळद लागली वाटतं? आम्हाला आमंत्रण नाही ते?" दुसऱ्या वर्षी त्यांनी विचारणं सोडलं. रोज हळद लागूनही जिचं लग्न होत नाही तिची थट्टा तरी किती दिवस करायची.

सांगलीच्या मार्केट यार्डात हंबीररावांचं हळदीचं गोदाम होतं. पायल आणि तिची आई बायडाबाई तिथं निवडायला बसत. पोत्यातला माल चाळणीवर ओतायचा, माती आणि मुळ्या हातानं चोळून काढायच्या, गड्डे एकीकडे टाकायचे, हळकुंडं दुसरीकडे. आई सकाळी आठला यायची, पायल दुपारी एकला, आणि नऊ वाजता दोघी मिळून खोलीवर जायच्या. रविवारचीही सुट्टी नाही. सकाळी साडेसात ते साडेबारा पायलचं विश्रामबागेत बी.एड.चं कॉलेज. लोक म्हणत, पोरगी जिद्दीची आहे. जिद्द वगैरे काही नव्हती. वडील राजाराम आटपाडीला वारल्यावर मायलेकींनी पोटासाठी सांगली गाठली होती, आणि पोट किंवा बी.एड. यांतलं एकही सोडण्यासारखं नव्हतं, एवढंच.

पाठाची टाचणं ती चहाच्या सुट्टीत पोत्यावर बसून लिहायची. एकदा सातवीच्या वर्गावर सराव पाठ देताना फळ्याकडे तोंड करून उभ्याउभ्या तिचा डोळा लागला. खडू फळ्यावरून खाली घसरत गेला आणि मुलांना वाटलं, बाईंनी नदी काढली. निरीक्षणाला आलेल्या मॅडमही हसल्या. पायलही हसली आणि मग संडासात जाऊन रडून आली.

आता मात्र पैलतीर दिसत होता. साताऱ्याच्या एका शाळेनं मुलाखत घेऊन सांगितलं होतं, मे महिन्यात परीक्षा द्या, निकाल लागला की या, तोवर जागा धरून ठेवतो. बायडाबाईनं मनातल्या मनात साताऱ्यात खोलीसुद्धा घेऊन टाकली होती. तिच्या त्या खोलीत नळ आत होता आणि खिडकीतून शाळा दिसत होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हजेरीची यादी लागली. परीक्षेला बसायचं तर ऐंशी टक्के हजेरी हवी. पायलच्या नावापुढं एकसष्ट लिहिलेलं. वर्षभरात तिचे चार दिवस चुकले होते, तेही तापानं. तिनं यादी तीनदा वाचली.

कॉलेजात हजेरीला अंगठ्याचं यंत्र होतं. हळद चोळून चोळून पायलच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. यंत्र कधी तिचा अंगठा घ्यायचं, कधी नुसताच लाल दिवा लावायचं. रेशनच्या दुकानात बायडाबाईचंही हेच रडगाणं. कार्यालयातले भाऊसाहेब म्हणायचे, "राहू दे, मी वहीत लिहून ठेवतो." पायलनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. आता तेच भाऊसाहेब म्हणाले, "वरून आदेश आलाय. फक्त यंत्रावरची हजेरी धरायची."

"मग वहीत कशाला लिहीत होता?"

"तुझ्या समाधानासाठी."

तिनं अर्ज दिला आणि उत्तर कधी मिळेल म्हणून खिडकीशीच उभी राहिली. "आत्ता अर्ज, आत्ता उत्तर," भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "पी हळद नि हो गोरी, असं होत नसतं बाई."

प्राचार्य संयोगिता मॅडम त्यामानानं माणसातल्या होत्या. त्यांनी पायलला आत बोलावून बसवलं. "तुझी बोटं कशानं झिजतात ते सांगणारा कुणाचा तरी कागद आण. तो जोडून मी विद्यापीठाला लिहिते, वहीतली हजेरी धरायला लावते. सोमवारी बारापर्यंत मात्र कागद इथं हवा. आणि नीट लिहून आण. कुठं पूर्णवेळ नोकरी करत नाही, असं हमीपत्र तू प्रवेशाच्या वेळी दिलंयस. मोडलं तर प्रवेश रद्द होतो, माहीत आहे ना?"

पायलनं मान हलवली. निम्म्या वर्गानं तसं लिहून दिलं होतं, आणि निम्मा वर्ग कुठं ना कुठं राबत होता. मॅडमना ते चांगलं ठाऊक होतं. पण जे कागदावर नाही ते कॉलेजात घडतच नाही.

हंबीरराव रविवारी यायचेच नाहीत, इतर दिवशी सकाळचेच गोदामात असायचे, पायल यायच्या आत निघून जायचे. सोमवारी तिचा शेवटचा पाठ होता, तोही गुणांचा. म्हणून कागदाचं काम आईकडं आलं. पायलनं तिला नीट घोकून दिलं. "दोनच ओळी, आई. आईला मदत म्हणून मुलगी अधूनमधून हळद निवडते, त्यानं बोटं झिजली. बास. जास्त काही नको."

"कळतंय गं मला. मी काय कुकुलं बाळ हाय व्हय?" बायडाबाई म्हणाली.

पुढं काय झालं ते पायलला शेजारच्या चाळणीवरच्या सुलाबाईनं नंतर सांगितलं. हंबीररावांनी छापील कागद काढला, पेन उघडलं आणि म्हणाले, "बोला बायडाबाई, काय लिवायचं तुमच्या लेकीचं?" झालं. उभ्या जन्मात बायडाबाईला असं कुणी विचारलं नव्हतं. तिच्या तोंडून 'अधनंमधनं' एवढं निघालं आणि ते तिचं तिलाच झोंबलं.

"आवं मालक, ऱ्हाऊ द्या ते. माझी पोर काय अधनंमधनं येती व्हय? तीन वर्सं झाली, पाऊस असू द्या, ताप असू द्या, एक खाडा न्हाई तिचा. आठ-आठ तास मान वर करीत न्हाई. सगळं ल्ह्या. सायबिणीला कळू द्या पोरगी कशी हाय ती."

हंबीररावांनाही भरून आलं. "लिवतो की. हायच पोरगी लाखात एक," म्हणाले, आणि त्यांनी पानभर लिहिलं. खाली सही, वर शिक्का. पाकीट डकवून बंद केलं. बायडाबाई तशीच पिवळ्या हातांनी रिक्षा करून विश्रामबागेला गेली आणि साडेअकराला खिडकीत पाकीट देऊन आली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पायलला बोलावलं आणि पत्र तिच्यापुढं सरकवलं. तिनं ते उभ्यानंच शेवटपर्यंत वाचलं.

"मॅडम, आईला समजलं नाही. हे पत्र परत द्या, मी दुसरं आणते."

"आवक नंबर पडलाय त्यावर. शिक्का पडलेला कागद मी गिळू का?"

"मग खोटं आहे म्हणून लिहून देते."

"दे. मग बोटं कशानं झिजली ते पुन्हा सांग मला." मॅडमनाही वाईट वाटत होतं, पण त्या वाटण्याला शिक्का नव्हता. "परीक्षा तर गेलीच, पायल. हमीपत्राचं मला वर कळवावं लागेल. प्रवेश राहील असं वाटत नाही."

पत्राची झेरॉक्स घेऊन ती गोदामात आली तेव्हा एक वाजत आला होता. वाटेत तिनं आईला काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. असला राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता. बायडाबाईनं तिच्या हातातला कागद लांबूनच ओळखला आणि पदराला हात पुसले.

"त्योच नव्हं? वाच की. मालकानं लिवलं, पर मला कुठं वाचाय येतंय? सुलाबाई, थांबव गं चाळणी."

बायका थांबल्या. पायलनं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचे ठरवलेले शब्द कुठल्या कुठं गेले. ती वाचायला लागली. "कुमारी पायल राजाराम ही आमच्या गोदामात गेली तीन वर्षे पूर्णवेळ काम करीत असून अत्यंत प्रामाणिक व कष्टाळू आहे. तिची हजेरी शंभर टक्के असून ती एकही दिवस गैरहजर राहिलेली नाही."

"ती शेवटची वळ परत वाच," बायडाबाई म्हणाली.

पायलनं परत वाचली. मग कागदाची घडी घालत म्हणाली, "आई, ह्या पत्रानं माझी परीक्षा गेली. कॉलेजपण गेलं."

बायडाबाईला आधी कळेचना. पायलनं हमीपत्राचं सांगितलं, सोपं करून, लहान वर्गाला सांगावं तसं. सुलाबाईनं चाळणीत नजर घातली.

"पर त्यात खोटं काय हाय गं?" बायडाबाईनं विचारलं.

"काही नाही."

एकची घंटा झाली. नवीन पोतं आलं होतं, ते दोघींनी मिळून चाळणीवर ओतलं.