बेटम्यात दोन मिनिटं

अकरा वर्षं ऋजुता पगारी सायकलपटू होती आणि अकरा वर्षांत एकदाही जिंकली नव्हती. यात रडण्यासारखं काही नाही. ते तिचं कामच नव्हतं. तिचं काम म्हणजे टीमच्या गाडीपर्यंत मागे यायचं, पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबायच्या आणि ऊर फुटेस्तोवर पुढे जाऊन टीमच्या मुख्य खेळाडूला, पलकला द्यायच्या. जिंकायचं ते पलकनं. इंदूरजवळच्या बेटम्यात, तिच्या गावात, कोणी विचारलं, "जयसिंगरावजी, बिटिया जीती क्या?" तर तिचे वडील, आबा, शांतपणे सांगायचे, "नाही भिया, ती पाणी देते." इंदूरच्या खजरान्याच्या गणपतीकडेही ते नंबर मागत नसत. पोरगी पडू नये, एवढंच. देवाला तरी उगाच कशाला पेचात टाका!

पण धार ते इंदूर ही तिची शेवटची रेस होती आणि रस्ता बेटम्यातून, थेट घरासमोरून जात होता. आबांनी आपल्याला एकदा तरी सगळ्यांच्या पुढे बघावं, एवढी हौस तिची राहून गेली होती. सायकलवाल्यांत एक जुनी रीत आहे. रस्त्यात कोणाचं घर आलं, तर घोळका तिला थोडं पुढे सोडतो. घरच्यांना भेटायचं आणि मुकाट परत घोळक्यात यायचं. पळून जायचं नाही. ऋजुतानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे विचारताना तिची जीभच अडखळली.

"जा ना दीदी," पलक म्हणाली. "दो मिनिट. आणि हां, पाणी तयार ठेव."

ऋजुता सुटली. बेटम्यात शिरली तेव्हा पुढे पोलिसाची मोटरसायकल आणि मागे सगळा मोकळा रस्ता. आबा घरासमोर उभे होते, कडक इस्त्रीचा सदरा, हातात पाण्याची बाटली. तिनं हात हलवला. आबांनीही हलवला, पण बाजूला हो म्हणून.

"आगे चलो बेटा, रुको मत!" ते ओरडले आणि मान वाकडी करून तिच्या मागे बघू लागले. "मेरी बिटिया पीछे आ रही है."

तिनं ब्रेक दाबला, खाली उतरून गॉगल काढला. "आबा, मीच आहे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या रस्त्याकडे. मग परत तिच्याकडे.

"बाकीच्या?"

"मागे."

"सगळ्या?"

"सगळ्या."

रीतबीत सांगावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण आबांची हनुवटी थरथरत होती आणि तिलाही रडू फुटलं. आबांनी झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली. अकरा वर्षांत तिला कोणी पाणी आणून दिलं नव्हतं. दोन घोट घेऊन ती सवयीनं बाटली मागच्या खिशात खोचायला लागली. आबांनी तिचं मनगट धरलं.

"कोणासाठी ठेवतेस? पी. सगळं पी."

लांबून घोळक्याची घरघर ऐकू येऊ लागली. ऋजुतानं बाटली तोंडाला लावली ती संपेपर्यंत खाली घेतलीच नाही. पलक समोरून गेली, हात पुढे करून.

"दीदी, पाणी!"

"संपलं," ऋजुता म्हणाली, आणि सायकलवर बसली.