मोहमाळावरचं जेवण

गोदूने देवाची तारीख चार दिवस अलीकडे ओढली, तेव्हा नामाने कपाळाला हात लावला.

डोंगराचं जेवण करंजपाड्यात नेहमी आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, होत असे. गोदूला कळायला लागल्यापासून, म्हणजे पासष्ट वर्षं तरी, त्यात बदल झाला नव्हता. सगळा पाडा मोहमाळावर चढायचा, वाघोबाच्या दगडापाशी तीन चुली पेटायच्या आणि माणसं झाडांच्या सावलीत पोटभर जेवायची. आता ही म्हातारी म्हणत होती, सोमवारीच करू.

"वयनी, देवाला काय सांगायचा?" नामाने विचारलं. तो तिचा धाकटा दीर आणि पाड्याच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष.

"देवाला मी इचारला. त्याची हरकत न्हाय. त्याला काय त्या दिवशी ड्युटी हाय?"

सोमवारचं कारण नामालाही ठाऊक होतं. मोहमाळावर पाड्याने सामूहिक हक्काचा दावा लावला होता आणि त्याचे कागद तीन वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. त्याच मोहमाळावर निलगिरी लावायची म्हणून एका लाकूड कंपनीने अर्ज केला होता. जमीन ओसाड आहे, झाडोरा निरुपयोगी आहे, गावकऱ्यांचा वापर नाही, असं अर्जात लिहिलं होतं. सोमवारी सरकारी पाहणी होती. पंचनाम्यात जे लिहिलं जाईल, त्यावर डोंगर कुणाचा ते ठरणार होतं.

पलीकडचा उतार आठ वर्षांपूर्वी असाच लिहून-लिहून गेला होता. गोदूला तो झाडाझाडाने आठवायचा. कुठल्या हेदाखाली थोरलीच्या वेळी कळा सुरू झाल्या, कुठल्या बेहड्यावर मधाचं पोळं बसायचं, कुठल्या आंब्याच्या कैऱ्या इतक्या आंबट की नवऱ्याचा रुसवासुद्धा पळायचा. आता तिथे निलगिरी शाळेतल्या कवायतीसारखी रांगेत उभी होती. खाली गवत नाही, ओहोळ दिवाळीलाच आटतो, बकरीसुद्धा तिकडे तोंड वळवत नाही. गोदू रडली तेव्हा रडली. या खेपेला रडायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

सोमवारी साडेअकराच्या उन्हात गाडी आली. पाहणीच्या रुचिका मॅडम उतरल्या, पाठोपाठ कंपनीचा माणूस, भाविक नावाचा. हा मानकोलीचा पोरगा. घरच्या शेतावर गोदामं उभी राहिलेली, म्हणून शिकून मोजणीच्या कामाला लागला होता. पांढरे बूट, गळ्यात फोन, हातात नकाशाची गुंडाळी. पाहणीचा दिवस त्याने हुशारीने मागून घेतला होता. चैत्र सरता सरता डांबरी रस्त्याच्या बाजूने मोहमाळ पाहिला तर नुसत्या काटक्या दिसतात. अर्ध्या तासात फोटो काढायचे आणि मॅडमना मानकोली नाक्यावरच्या हॉटेलात जेवायला न्यायचं, असा त्याचा बेत.

मॅडम वर पोचल्या तर समोर अख्खा पाडा आणि तीन चुली. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या. सुक्या बोंबलात कैरी पडली होती आणि त्याचा वास वाऱ्यावर निघाला होता.

गोदूने मॅडमचा हात धरून त्यांना सावलीत बसवलं. आज देवाचं जेवण हाय, जेवल्याशिवाय कुणी खाली उतरत न्हाय, असं सांगितलं. मग रीत सांगितली. या जेवणात जो जेवणार, त्याने आधी डोंगरातून काहीतरी आणून चुलीपाशी ठेवायचं. पान, फळ, काटकी, पाणी, काहीही, पण डोंगरातलंच आणि स्वतःच्या हाताने. नव्या नवरीलाही सूट नाही, भगतालाही नाही. अर्ध्या चड्डीतला जंगलखात्याचा एक गार्ड एकदा अडून बसला होता, तोसुद्धा शेवटी लाकडाची मोळी घेऊन आला, हे गोदूने डोळ्यांनी पाहिलं होतं.

मॅडमना गंमत वाटली. गोदूची सून रूपा हिच्याबरोबर त्या गेल्या आणि पळसाच्या पानांचा गठ्ठा घेऊन आल्या. पत्रावळ कशी टाचायची तेही शिकून आल्या होत्या.

भाविक मात्र दगडावर बसून राहिला.

"तू बी जा ना, बाला," गोदू म्हणाली.

"आजी, मी काय आणू? इथे काहीच नाहीये. माझ्या रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय."

"मंग बस. न्हाय ते कुठून आणशील?"

भाविक काही मूर्ख नव्हता. आपण काही आणलं तर रिपोर्ट खोटा पडतो, आणि नाही आणलं तर उपाशी राहावं लागतं, हे त्याला लगेच कळलं. त्याने गाडीतून बिस्किटाचा पुडा आणला. गोदूने पुडा उलटासुलटा करून पाहिला आणि हा डोंगरातला न्हाय म्हणून परत दिला. त्याने पाण्याची बाटली पुढे केली. तीही नाही. बाया पदराआड हसायला लागल्या. एक वाजून गेला. रूपाने बोंबलाचं झाकण जरा जास्तच वेळा उघडलं.

मग गोदू त्याच्या शेजारी येऊन बसली. "तू जानकीबाईचा नातू ना? केसरीनाथाच्या घरातला? नाक तिचाच हाय."

भाविक चमकला. गोदू सांगायला लागली. जानकीबाई मानकोलीहून चालत यायची, डोक्यावर सुक्या मासळीची टोपली. मासळी द्यायची आणि मोहटीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल आणि चारोळ्या न्यायची. करवंदांचं तर तिला वेडच. एकदा जाळीत असली अडकली की लुगडं फाडून बाहेर काढावी लागली, आणि बाहेर आल्यावर पहिलं काय केलं, तर टोपलीत करवंदं मोजली.

"ती अजून म्हणते," भाविक हळूच म्हणाला, "बाजारातली करवंदं म्हणजे नुसती साल. डोंगरातली वेगळी."

"कुठली जाळी, ते मला ठावं हाय, वरच्या अंगाला," गोदू म्हणाली. "पण तू काय जाणार न्हाईस. तुझा रिपोर्ट हाय."

 भाविक उठला, आणि रिपोर्टाचा विषय न काढता वरच्या अंगाला चालू पडला.

तो पाऊण तासाने आला. शर्टाला ओरखडे, पांढऱ्या बुटांचा रंग ओळखू येत नव्हता, जीभ जांभळी. रुमालात करवंदं, एका खिशात टेंभुर्णी, दुसऱ्यात चार, म्हणजे चारोळीची फळं. रीत एका वस्तूची होती, याने चुलीपुढे ढीग केला. वर त्याला सांगितल्याशिवाय राहवेना.

"मॅडम, वर झरा आहे. ह्या उन्हात वाहतोय. त्याच्या पलीकडे चाराची झाडं, मग टेंभुर्णी, मग करवंदांची जाळी, केवढी तरी."

"नक्की कुठे?" मॅडमनी विचारलं.

"थांबा, दाखवतो." भाविकने फोन पुढे केला. मोजणीच्या माणसाची सवय ती. परत येताना वाट चुकू नये म्हणून वाटेतल्या प्रत्येक झाडापाशी त्याने नकाशावर खूण टाकली होती, गट नंबरासकट. झऱ्यावर दोन बाया हंडे भरत होत्या, त्यांचाही फोटो होता.

मॅडमनी वही उघडली आणि एकेक खूण उतरवून घ्यायला सुरुवात केली. लिहिण्याचा आवाज ऐकल्यावर भाविकच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू आटलं.

"मॅडम, हे मी जेवणासाठी आणलंय."

"तेच लिहितेय. खाण्यासाठी आणि पाण्यासाठी वापर."

 पंचनाम्यावर कंपनीच्या माणसाची सही लागत होती आणि तो नाही म्हणू शकत होता. नामाने गोदूकडे पाहिलं. गोदूने पळसाच्या पानावर दोन भाकऱ्या ठेवल्या, वर बोंबील घातला आणि पान भाविकपुढे सरकवलं.

"सही कर, नको करू. तू आणलास, तू जेव. त्याचा सहीशी काय न्हाय."

भाविक जेवला. मान खाली घालून, पण चवीने जेवला. मग हात धुऊन त्याने कागद वाचायला घेतला. एका ओळीपाशी थांबला. नामा कागदावर वाकला.

"हे चुकीचं आहे," भाविक म्हणाला. "चाराची झाडं पंचवीस लिहिलीत. पंचवीस फक्त माझ्या वाटेवरची, खुणा टाकलेली. मोजणी करायची तर नीट करा, मॅडम. वाटेच्या पलीकडे अजून तेवढीच आहेत."

मॅडमनी आकडा खोडून नवा लिहिला. त्याने खोडलेल्या जागी सही केली, खाली केली, आणि नोकरीवर पाणी सोडल्यासारखा चेहरा करून तिसरी भाकरी मागितली.

जुलैत पत्र आलं. कंपनीचा अर्ज फेटाळला होता, पाड्याचा दावा मान्य झाला होता. रूपाने ते अंगणात मोठ्याने वाचलं. गोदूने झाडांची यादी पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा. चार, टेंभुर्णी, करवंद, मोह, पळस, आंबा. म्हातारी बोटांवर मोजत ऐकत होती. मधेच तिने रूपाला थांबवलं.

"भोकर राहिला," ती म्हणाली. "कुड्याचा बी नाव न्हाय. त्या बाईला परत बोलवा."