मी मळका नाही, झिजलेला आहे

मित्रांनो, मी एक जुना, गोल बुडाचा काचेचा चंबू आहे. आधीच सांगतो, मी फुटलेलो नाही. टिचकी मारून पाहा हवे तर, कसा खणखणीत वाजतो ते!

एका म्हाताऱ्या काचकाराने भट्टीसमोर गाल फुगवून मला फुंकले. ज्याने श्वास दिला त्याला विसरू नये, एवढे मला कळते.

पुढे मी प्रयोगशाळेत आलो. माझे काम एस्टर तोडण्याचे. आम्ल आणि अल्कोहोल यांनी हातात हात गुंफले की एस्टर होतो. कुणाला केळ्याचा वास, कुणाला फुलांचा. माझ्या पोटात त्याला कॉस्टिक सोडा आणि पाण्याबरोबर उकळले की सोड्याच्या जोरावर पाणी मध्ये शिरते आणि ते हात सुटतात. याला जलअपघटन म्हणतात. शेकडो वेळा मी ते केले. त्या सोड्याने माझी काच आतून खाल्ली आणि मी धुरकट झालो.

मग नवे सर आले. त्यांनी एक एस्टर माझ्यात सोड्याबरोबर दोन दिवस उकळला. तो ढिम्म!

"हा मळकट चंबूच नडतोय," ते म्हणाले. "टाका याला फुटक्या काचेच्या डब्यात."

मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. मनात देवाचा धावा केला, आणि खरे सांगतो, संतापलोही.

भांडी धुणाऱ्या काकूंनी मला उचलले ते छातीशीच धरले. "अहो सर, भाजी शिजली नाही म्हणून कुणी पातेलं फेकतं का?"

"काकू, तुम्हाला रसायनशास्त्र कळतं?"

"नाही कळत. पण याला रोज मीच घासते. मळ नाही, झीज आहे ती."

गलका ऐकून प्रयोगशाळेच्या प्रमुख, थोरल्या बाई आल्या. एस्टरच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून त्यांना हसूच फुटले.

"अहो, हा तर आपला जाड्या!" तीन मिथिल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे तीन गठ्ठे, अंगावर घेऊन बसणाऱ्या एस्टरला त्या जाड्या म्हणत. "दारातच ठाण मांडून बसतो हा. सोडा आत शिरणार कुठून? याला आपण होऊन उठू द्यावं लागतं. द्या तो चंबू."

"हाच?"

"हाच!"

धूर ओढणाऱ्या कपाटात त्यांनी माझ्या पोटात ताजा एस्टर घातला, वर तीव्र आम्लाचे थेंब. ऊब लागताच बुडबुडे! जाड्याच्या त्या गठ्ठेवाल्या भागाने स्वतःजवळचा एक हायड्रोजन मागे सोडला आणि वायू होऊन तो निघून गेला. खाली आम्ल तेवढे उरले. पाण्याला हातही लावावा लागला नाही. हे विलोपन.

सर खाली मान घालून म्हणाले, "काकू, आज चंबू मी धुतो."

मित्रांनो, काम झाले की सोडा लगेच धुऊन टाका. माझी कीव मात्र करू नका. काम फसले तर आधी चिठ्ठी वाचा, मग माझ्याकडे बोट दाखवा. कोपऱ्यातला तो डबा अजून उघडाच आहे. असू दे! मी आज पुन्हा शेगडीवर बसलो आहे, आणि पोटात उकळी फुटते आहे.