अतिस्वच्छ जोड

कारखान्यात त्यांना सगळे ‘चकाचक’ म्हणत आणि हे नाव ते पदवीसारखे मिरवत. वेल्डिंगला बसण्यापूर्वी ते पोलादी प्लेटांच्या कडा तारेच्या ब्रशने घासत, फडक्याने पुसत, आणि ते फडके तरी स्वच्छ होते ना, या शंकेने दुसऱ्या फडक्याने पुन्हा पुसत.

त्यांची सून त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत धातुतज्ज्ञ होती. घरी ती सूनबाई असे. कारखान्याचे फाटक ओलांडले की तिची ‘मॅडम’ होई.

एका संध्याकाळी जेवताना तिने मनापासून कौतुक केले, “बाबा, तुमच्या जोडात कण किती सुरेख विखुरलेले असतात.”

“कसले कण?”

“ऑक्साइडचे. टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत हजारो सापडतील.”

या कणांचा उपयोग ती सांगणारच होती. पण तोवर चकाचक ताटावरून उठले होते. एकतीस वर्षांच्या कामात हजारोंनी कचरा निघावा आणि तो बायकोसमोर निघावा! सासूबाईंनी सुनेला आत नेऊन समजावले, की त्यांना चोर म्हटले असतेस तरी दोन घास जास्त जेवले असते.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या परवान्याच्या नूतनीकरणाची चाचणी होती. ती हुकली, तर उरलेली तीन वर्षे भांडाराच्या खिडकीत बसून हातमोजे वाटायचे, हे ठरलेलेच होते. चकाचकांनी निश्चय केला, की या जोडात कण औषधालासुद्धा सापडता कामा नये.

विचार करता करता त्यांचा संशय गॅसवर गेला. जोडाचे हवेपासून रक्षण करणाऱ्या नेहमीच्या टाकीत आर्गॉनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असे. ही भेसळ एवढी वर्षे आपल्या डोळ्यांदेखत चालली होती, याचे त्यांना वाईट वाटले. शेजारच्या ॲल्युमिनियम विभागात शुद्ध आर्गॉन होता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती टाकी ढकलगाडीवर घातली आणि कोणालाही न विचारता आणली.

शुद्ध गॅसमध्ये ठिणगी एका जागी ठरेना. चकाचकांनी तिला मुरलेल्या हाताने शिस्त लावली आणि जोड पूर्ण केला. क्ष-किरणांत तो निर्दोष ठरला. मग त्यातून तीन पट्ट्या कापल्या, त्यांना खाचा पाडल्या, उणे चाळीस अंशांपर्यंत गार केल्या आणि झुलत्या हातोड्याखाली ठेवल्या. मोडण्यापूर्वी प्रत्येकीने किमान सत्तेचाळीस ज्यूलचा धक्का सोसायला हवा होता. सोसला एकवीस, एकोणीस आणि चोवीस. पट्ट्या बिस्किटासारख्या मोडल्या.

दुसऱ्या दिवशी सुनेने त्यांना प्रयोगशाळेत बोलावले आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवले. आधी तिने त्यांच्या जुन्या जोडाचा तुकडा दाखवला. बारीक सुया एकमेकींत अशा गुंतल्या होत्या, की बोट घालायला जागा नव्हती. मग नवा तुकडा ठेवला. त्यात रुंद, लांबलचक पट्टे निवांत पसरले होते.

“पोलाद निवताना त्या बारीक कणांवरच सुया फुटतात,” ती म्हणाली. “अशा गुंत्यात तडा शिरला, तर दर पावलाला वळून वळून दमतो. इथे कण नाहीत, म्हणून सुया नाहीत. तडा रमतगमत पार झाला.”

“म्हणजे जोडात घाण हवी, मॅडम?”

“बारीक हवी आणि बेताची हवी. जाड कण असले, तर तडा तिथूनच सुरू होतो.” मग तिने आवाज खाली आणला. “बाबा, कणांना लागणारा ऑक्सिजन गॅसमधूनच येतो. गॅस कोणता होता?”

चकाचकांनी डोळा पुन्हा सूक्ष्मदर्शकाला लावला. गप्प बसावे, तर हात गेला असे सगळे म्हणणार आणि भांडाराची खिडकी मिळणार. सांगावे, तर लेखी कार्यपद्धती मोडल्याचा ठपका येणार; आणि त्यांच्या सेवापुस्तकात आजवर शाईचा डागही नव्हता.

“आर्गॉन,” ते शेवटी म्हणाले. “शुद्ध. मीच बदलला. लिहा तसं.”

तिने लिहिले. फेरचाचणी मंजूर झाली, मात्र आधी ताकीदपत्रावर सही हवी होती. व्यवस्थापकांनी पुढे केलेला कागद चकाचकांनी दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवले. कागदावर ‘निष्काळजीपणाबद्दल’ असे छापलेले होते.

व्यवस्थापकांनी छापील नमुना एकच असल्याचे सांगितले, फेरचाचणीसाठी कागद देण्याची मुदत आज चारला संपते याची आठवण करून दिली आणि घड्याळही दाखवले. चकाचक हलले नाहीत. टाकी पळवली, नियम मोडला, सगळे कबूल होते. पण निष्काळजीपणा आपल्या हातून घडलेला नाही आणि खोट्या कागदावर आपण सही करणार नाही, असे त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितले.

“मग काय लिहू?” व्यवस्थापक कातावले.

“जे झालं ते लिहा, साहेब.”

पावणेचारला व्यवस्थापकांनी छापील शब्द खोडून वर हाताने ‘अनावश्यक काळजीबद्दल’ असे लिहिले आणि शेजारी आपली छोटी सही केली. चकाचकांनी शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, मोठी, स्पष्ट सही केली आणि मिश्र गॅसची टाकी लावायला निघाले.