भांगेचाच नाम्लो

मी नाम्लो बोलतोय. आमच्या नेपाळातल्या रोल्पाच्या डोंगरात ओझं असतं पाठीवर, पण तोलतं ते कपाळ. त्या कपाळावरचा पट्टा म्हणजे मी. जात भांगेची. त्यात लपवायचं काय?

धनसरी बुढामगरनं भांगेची ताटं भिजवली, साल सोलली, राखेच्या पाण्यात उकळून बडवली आणि चढ चढता चढता सूत कातलं, त्यातून मला विणलं. तिच्या घरात गांजा ओढणारं कुणी नव्हतं. बियांची चटणी, सालीचं कापड आणि मी, एवढंच भांगेचं काम. माझ्या भरवशावर तिनं लाकडं आणली, खत वाहिलं, आजारी सासूला टोपलीत बसवून दवाखान्यात नेलं. सासू काही वाचली नाही बिचारी.

मग एके सकाळी हवालदार टीकाराम आला.

"दिदी, झाडं उपट. सरकारनं बंदी घातलीय."

"अगोबाई! काल-परवापर्यंत काठमांडूत गांजाची सरकारी परवान्याची दुकानं होती ना?"

"होती. परदेशातली पोरं येऊन तिथं धूर काढत बसायची. त्यांच्या बड्या सरकारचं डोकं फिरलं, त्यांनी आपल्या राजाच्या दरबारावर दाब आणला. दरबार वाकला."

"वा रे न्याय! पोरं त्यांची बिघडली आणि वस्त्रं आमची फेडता?"

टीकाराम ओशाळला, पण झाडं उपटलीच. भारा माझ्यातच बांधला आणि मुद्देमाल म्हणून मलाही नेलं. तेव्हापासून चौकीतल्या खिळ्याला लटकतोय.

धनसरी दर बाजाराला येते, मला परत मागते. तागाच्या दोरीनं तिचं कपाळ सोललंय. मला ते बघवत नाही.

परवा टीकारामच कळवळला. त्याच्याही कपाळाला लहानपणापासूनचा घट्टा आहे. हळूच म्हणाला, "दिदी, हा अल्लोच्या सालीचा आहे, एवढं तोंडानं म्हण. त्या झुडपाला बंदी नाही. म्हण आणि घेऊन जा."

माझा जीव टांगणीला लागला. म्हण गं बाई, एकदाचं म्हणून टाक!

धनसरीनं मला खिळ्यावरून काढलं, सोललेल्या कपाळाला लावलं आणि परत होतं तिथं अडकवलं.

"भांगेचाच आहे हा. आज मी याला अल्लो म्हटलं, तर उद्या आमच्याच लेकी भांगेला पाप म्हणतील. मी येत राहीन, हवालदार. तुमच्या साहेबाला लाज वाटेपर्यंत येईन."

आणि दोरी कपाळाला लावून ती चढाला लागली. मला रडू आलं आणि ऊरही भरून आला.

लोकहो, मला सोडवायचं असेल तर माझ्या नावानिशी सोडवा. तोवर राहतो इथंच. भांगेचा धागा आहे, लवकर कुजत नाही.